लढाईबाहेर कँट्रिपचा उपयोग काय?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, म्हणजे जादूगाराला, तीनच कँट्रिप (छोटे, साधे मंत्र) मिळतात, लढाई नसताना त्यांचं काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे. खूप काही! मोठ्या मंत्रांसारखा त्यांना स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याचा मोजका कोटा) खर्च होत नाही, त्यामुळे दिवसातून कितीही वेळा वापरा.

माझी सगळ्यात लाडकी मेंडिंग. पाचव्या आवृत्तीत ती एक फुटापर्यंतची मोड किंवा फाट अशी सांधते की खूणही उरत नाही. आम्ही रविवारी कोथरूडला मित्राच्या घरी खेळतो. तिथे आमच्या विझर्डने सरदाराच्या पत्रावरचं लाखेचं सील मधोमध तोडलं, पत्र वाचलं, तशीच घडी घातली आणि सील पुन्हा जोडलं. कुणाला पत्ता लागला नाही. मात्र मेंडिंगला पूर्ण १ मिनिट लागतं, म्हणून जिन्यातल्या पहारेकऱ्याला कुणीतरी बोलण्यात गुंतवायला हवं. आणि सील दोनच तुकड्यांत तुटू द्या. चुरा झाला तर ती एक मोड राहत नाही.

मेज हँड, म्हणजे जादूचा तरंगता हात, ३० फुटांवरून काम करतो, १० पौंडांपर्यंत उचलतो. संशयास्पद पेटी त्यानेच उघडा. मायनर इल्यूजनने ५ फुटांच्या घनात मावणाऱ्या पिंपाचा आभास निर्माण करून त्यात लपता येतं, पण कुणाचा हात लागला तर तो आरपार जाईल.

प्रेस्टिडिजिटेशन ही छोट्या करामतींची कँट्रिप घेतली असेल तर धर्मशाळेतल्या बेचव आमटीला तासभर चव आणा. स्वयंपाकीणबाई खूश झाल्या की गावातल्या बातम्या आपणहून सांगतात, निदान आमचा डीएम (खेळ चालवणारा) तरी तसं खेळवतो.