इमारत गरम ठेवायला गॅस स्वस्त पडतो की वीज?

तुमचा प्रश्न असा: विजेचं युनिट गॅसच्या तिप्पट महाग असताना लोक गॅसचा बॉयलर काढून विजेवर का जातात? त्यातले काही नीट हिशेब करून जातात, काही नुसता कॅटलॉग वाचून. मी इमारतींच्या हीटिंगचंच काम करतो आणि दोन्ही प्रकारचे लोक पाहिलेत.

आधी दोन्ही बिलं एका मापात आणा. गॅस घनमीटरमध्ये मोजला जात असेल तर १ घनमीटर म्हणजे साधारण साडेदहा किलोवॅट-तास, म्हणजे विजेची साडेदहा युनिटं. थर्ममध्ये असेल तर १ थर्म म्हणजे २९.३ युनिटं. तुमचं 'तिप्पट' याच मापात आहे ना, ते एकदा तपासा. घनमीटरचा दर थेट विजेच्या युनिटाशी ताडणारे कमी नाहीत.

आता गॅसच्या युनिटाला १ रुपया धरा आणि विजेच्या युनिटाला ३. साधा विजेचा हीटर घेतलेल्या प्रत्येक युनिटाची पूर्ण उष्णता देतो, तरी ती ३ रुपयांनाच पडते. त्याचा विषय इथेच संपला. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरची उष्णता १ रुपया १८ पैशांना पडते. हीट पंप मात्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली उपसून आत आणतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. एका युनिटात तो तीन युनिटं उष्णता देत असेल (याला सीओपी ३ म्हणतात) तर हिशेब १ रुपयावर येतो आणि गॅस हरतो. सीओपी २.३ वर घसरला की १ रुपया ३० पैसे, म्हणजे गॅस जिंकतो.

सगळी मेख सीओपी तीन राहतो की घसरतो यात आहे, आणि ते बरंचसं रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या पाण्याच्या पॅनेलमध्ये, किती गरम पाणी पाठवावं लागतं यावर ठरतं. कॅटलॉगातला झकास आकडा बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा असतो. तुमचे जुने, छोटे रेडिएटर ६० अंशांचं पाणी मागत असतील तर तो आकडा विसरा. विक्रेत्याकडे तुमच्या पाण्याच्या तापमानाला पूर्ण हंगामाचा सरासरी सीओपी मागा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा विक्रेता बघा.

हीच गोष्ट बॉयलरलाही लागू होते, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. कंडेन्सिंग बॉयलरवर '९० टक्क्यांहून अधिक' लिहिलेलं असतं, पण धुरातली वाफ थंड होऊन पाणी झाली तरच ते खरं. त्यासाठी परतीचं, म्हणजे रेडिएटरमधून बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली हवं. म्हणून बॉयलर रूममध्ये गेल्यावर मी आधी परतीच्या पाइपावर हात ठेवतो, मग वाफेचं झालेलं पाणी जिच्यातून बाहेर पडतं ती खालची बारीक निचऱ्याची नळी बघतो. एका इमारतीत पाइपावर हात टिकत नव्हता आणि कडाक्याच्या थंडीत ती नळी कोरडी ठणठणीत होती. गारठ्याच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून कुणीतरी पाण्याचं तापमान ८० वर नेऊन ठेवलं होतं. म्हणजे महागड्या बॉयलरचे पैसे मोजून साध्या बॉयलरचं काम चाललं होतं.

दरांच्या पलीकडे बिलात आणखी दोन गोष्टी असतात. गॅसचं कनेक्शन पूर्ण बंद केलं तरच त्याचा स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो भरावी लागणारी रक्कम, वाचतो. स्वयंपाकासाठी एक शेगडी ठेवली तर तो चालूच राहतो. आणि इमारत मोठी असेल तर विजेचा मागणी आकार, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेवर लागणारी रक्कम, बघा. सोमवारी सकाळी थंडगार पडलेल्या ऑफिसात सगळे हीट पंप एकदम सुरू झाले, तर तेवढ्या अर्ध्या तासाच्या उच्चांकावर महिन्याचा आकार ठरू शकतो. ते टप्प्याटप्प्याने सुरू करायचं टायमर लावूनही जमतं.

या हिवाळ्यात बॉयलरचं पाणी ५० अंशांवर आणून आठवडाभर बघा. खोल्या उबदार राहिल्या तर तुमचे रेडिएटर हीट पंपाला चालतील. नाही राहिल्या तर आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, छताला इन्सुलेशन करा आणि मगच हीट पंपाचं कोटेशन मागवा.