चामडं शिवायच्या मशीनसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: हौस म्हणून मी माझ्या सुपरहिरोच्या पोशाखासाठी चामड्याचा कमरपट्टा, त्यावरचे सहा कप्पे, दोन मनगटपट्टे आणि खांद्यावरून जाणारा पट्टा हाताने बनवला. तो पाहून तिघांनी तसाच सेट मागितला आहे. साहित्याच्या तिप्पट पैसे द्यायला ते तयार आहेत. माझी सात महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव आहे. त्यातले पाच महिन्यांचे पैसे काढून चामडं शिवायचं मशीन आणि चामड्याचा साठा घ्यावा का? नोकरी अर्धवेळ करायचंही मनात आहे.

उत्तर: ठेव मोडू नका, आणि नोकरीला तर आत्ता हातही लावू नका. ऑर्डर मात्र घ्या. तिन्ही नाही, एकच.

पत्रासोबत तुम्ही तासांची वही पाठवलीत, हे फार बरं केलंत. बहुतेक लोक मला खर्चाची यादी देतात आणि स्वतःचा वेळ फुकट धरतात. तुमच्या वहीप्रमाणे नमुने काढून अंगावर बसवून बघायला ११ तास गेले, कापायला ५, भोकं पाडून दोन सुयांनी शिवायला १४, कडा घासायला ८, रंग आणि तेलाला ५, बकल-रिवेटला ३. एकूण ४६. साहित्याला, तुमच्याच आकड्यांनुसार, नोकरीतल्या ८ तासांच्या पगाराएवढे पैसे लागले. तिप्पट म्हणजे २४ तासांचा पगार. साहित्य वजा केलं की उरतो १६ तासांचा, आणि काम ४६ तासांचं. नोकरीत तासाला जे मिळतं, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.

त्यातही एक चूक आहे. नमुन्यांचं क्षेत्रफळ सहा चौरस फूट भरलं म्हणून तुम्ही सहा चौरस फुटांचेच पैसे धरलेत. कातडं म्हणजे कापडाचा तागा नव्हे. पोटाकडचा भाग ढिला आणि ताणणारा असतो, मधेच ओरखडे आणि किडे चावल्याचे डाग निघतात, आणि गोलाकार तुकड्यांच्या मधल्या जागा वाया जातात. पाव भाग तरी सोडावा लागेल असं धरून आठ फुटांचा हिशेब करा. म्हणजे साहित्य १० तासांच्या पगारावर जातं आणि तुमच्या हातात १४ राहतात.

आता मशीन. ते फक्त शिवणाच्या १४ तासांना हात घालतं. उदार होऊन म्हणू की त्यांचे ५ झाले. तरी ३७ तास उरतात, आणि त्यांचे पैसे तेच १४. पाच महिन्यांची शिल्लक ओतून तुम्ही वहीतला एकच रकाना लहान करणार. शिवाय मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात; एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात, म्हणून एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. गिऱ्हाईक तुमच्याकडे याचसाठी येतंय. (मी एकदा घड्याळाचा पट्टा शिवायला बसलो होतो. एका बाजूला ११ टाके आले, दुसऱ्या बाजूला १३. तेव्हापासून हातशिलाईच्या दराबद्दल मी घासाघीस करत नाही.)

तुमच्या कप्प्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. झाकणाची कड काचेसारखी झाली आहे, आतल्या बाजूचीसुद्धा, जी पट्ट्याला चिकटून राहणार आणि कुणाला कधी दिसणार नाही. स्वतःसाठी केलंत, छानच. विकताना ते तास काढून टाका. तसंच, ज्या भागावर ताण येत नाही तो फोमचा केला तर हलका आणि स्वस्त पडतो. कमरपट्टा, खांद्याचा पट्टा, बकलाची टोकं इथेच चामड्याचा खरा उपयोग आहे.

साठाही नको. कमरपट्ट्याला साधारण ३.५ मिलिमीटरचं चामडं लागतं, कप्प्यांना २ मिलिमीटर पुरतं. पुढची ऑर्डर कशाची येईल हे माहीत नसताना एकाच जाडीची कातडी भरून ठेवली तर पैसे कपाटात अडकतात. त्यात रंग न दिलेलं व्हेजटॅन, म्हणजे झाडांच्या सालींसारख्या वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं चामडं, उजेडात गडद होतं आणि दमट जागी त्याला बुरशी धरते.

मग करायचं काय? महिन्याच्या बचतीतून, ठेवीतून नव्हे, चामडं कापायची चांगली रापी, टोचायची आरी आणि भोकं पाडायची अणकुचीदार पट्टी घ्या. नमुने जाड प्लास्टिकवर कायमचे कापून ठेवा; ११ तासांतले निदान ८ पुढच्या वेळी वाचतील. पहिल्या गिऱ्हाइकाला साहित्याच्या तिप्पट नाही, पाचपट दर सांगा. नाही म्हणालं तर ते मशीन घेण्याआधी कळलेलं बरं. निम्मे पैसे कापायच्या आधी घ्या, आणि ते परत मिळणार नाहीत हे लिहून द्या. दुसऱ्याच्या मनगटाच्या मापाने कापलेला पट्टा तिसऱ्याला विकता येत नाही.

आणखी एक. स्वतःच्या अंगावर घालणं वेगळं, पैसे घेऊन विकणं वेगळं. पात्राची चिन्हं आणि ओळखीच्या वस्तू हक्कदार कंपनीच्या असतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने बॅटमनच्या गाडीलासुद्धा कॉपीराइटचं संरक्षण आहे असं ठरवलं आणि तिच्या प्रतिकृती विकणारा माणूस खटला हरला. तेव्हा बोधचिन्ह नसलेले, कुठल्याही पोशाखावर चालणारे कप्पे आणि पट्टे बनवा. नमुना एकच राहिल्याने तासही त्यातच वाचतात.

ही ऑर्डर झाली की नवी वही मला पाठवा. बाकीचे रकाने आटून शिवणाचे तास एकूण वेळेच्या निम्म्यावर गेलेले दिसले, तर मशीनचं बोलू.