किंमत एक, सौदे चार

प्रश्न : नवी मोटार पाहण्यासाठी आम्ही पती-पत्नी शोरूममध्ये गेलो होतो. विक्री प्रतिनिधीने अतिशय आदराने वागवले आणि सुरुवातीलाच "महिन्याला किती हप्ता झेपेल?" असे विचारले. आम्ही आकडा सांगितला. तासाभराने त्याने त्याच हप्त्यात गाडी, विमा, ॲक्सेसरीज असे सगळे बसवून दाखवले, शिवाय आमची जुनी गाडी चांगल्या भावात घेण्याचेही कबूल केले. घरी आल्यावर लक्षात आले, की कर्ज सात वर्षांचे आहे आणि नव्या गाडीच्या किमतीत नेमकी किती सूट मिळाली, हे आम्हाला सांगताच येत नाही. बुकिंगची रक्कम अजून भरलेली नाही. आता काय करावे?

उत्तर : रक्कम भरलेली नाही, म्हणजे काहीही हातचे गेलेले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. जो एक सौदा समजून आपण बोलत होता, ते प्रत्यक्षात चार सौदे होते : नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, कर्ज, आणि विम्यापासून सीट कव्हरपर्यंतच्या वरच्या गोष्टी. हे चारही एकाच बैठकीत, एकाच कागदावर आणि एकाच हप्त्याच्या आकड्यात मिसळले गेले, की कुठे मिळाले आणि कुठे गेले, याचा हिशेब भल्याभल्या माणसाला लागत नाही.

मोटारविक्रीच्या धंद्यात 'फोर स्क्वेअर' नावाची एक जुनी पद्धत आहे. कोऱ्या कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार चौकोन करतात. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात जुन्या गाडीचे मूल्य, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रक्कम आणि चौथ्यात मासिक हप्ता लिहितात. ग्राहकाने जुन्या गाडीला जास्त भाव मागितला, की तो आकडा खोडून वर मोठा आकडा लिहिला जातो. मात्र त्याच वेळी नव्या गाडीवरची सूट आखडती होते किंवा कर्जाची मुदत वर्षभराने वाढते. ग्राहकाचे लक्ष ज्या चौकोनाकडे असते तिथे त्याचे म्हणणे मान्य होते आणि त्याची भरपाई उरलेल्या तीन चौकोनांतून होते. असा कागद आपल्यासमोर आला नसला, तरी बोलणे त्याच वळणाने गेले होते.

हप्त्याच्या आकड्यात काय काय दडते, ते एका उदाहरणावरून पाहा. समजा, आपण १०० इतकी रक्कम दरसाल १० टक्के व्याजाने, घटत्या शिल्लकीवर (म्हणजे न फेडलेल्या मुदलावरच व्याज, अशा पद्धतीने) घेतली. तीन वर्षांची मुदत असेल, तर मासिक हप्ता सुमारे ३.२३ येतो आणि एकूण परतफेड ११६ होते. मुदत पाच वर्षांची केली, तर हप्ता २.१२ आणि परतफेड सुमारे १२७. सात वर्षांची केली, तर हप्ता १.६६ इतका हलका वाटतो, पण परतफेड १३९ वर जाते. हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला आणि व्याज मात्र १६ वरून ३९ झाले. म्हणून "हप्ता किती झेपेल?" या प्रश्नाला "ते आपण किंमत ठरल्यावर पाहू" एवढेच उत्तर द्यावे. हे उत्तर उद्धटपणाचे नाही, आणि विक्रेत्यालाही ते कळते.

व्याजाचा दर सांगितला जाईल, तेव्हा तो 'फ्लॅट' आहे की घटत्या शिल्लकीवरचा, हे अवश्य विचारावे. फ्लॅट दरात आपण फेडलेल्या मुदलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज आकारले जाते. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट हे ऐकायला स्वस्त वाटते, पण घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. दोन कर्जांची तुलना करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे हप्ता गुणिले महिन्यांची संख्या, अधिक प्रक्रिया शुल्क. आणि ही तुलना समान रकमेच्या व समान मुदतीच्या कर्जांमध्येच करावी.

आता पुढची पावले. याच मॉडेलचे, याच व्हेरियंटचे कोटेशन किमान तीन विक्रेत्यांकडून लेखी मागवावे. त्यात गाडीची मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज आणि इतर आकार स्वतंत्र ओळींवर असावेत. एकगठ्ठा ऑन-रोड आकडा मिळाला, तर तो परत पाठवून फोड मागावी. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' किंवा 'पॅकेज' अशा नावाची ओळ दिसली, तर ती कोणत्या कामासाठी आहे, हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती रक्कम वगळण्याची मागणी पूर्णपणे रास्त आहे. जुन्या गाडीचा भाव शोरूमबाहेर दोन ठिकाणी आधीच काढून ठेवावा, कारण एक्स्चेंज बोनस आकर्षक वाटला तरी मूळ मूल्यांकनच कमी धरलेले असेल, तर बोनसला अर्थ उरत नाही. विम्याचे दरपत्रकही बाहेरून घ्यावे, आणि तुलना करताना दोन्ही ठिकाणी गाडीचे विमामूल्य आणि संरक्षण सारखेच धरलेले आहे ना, हे पाहावे.

कर्ज बँकेकडून आधी मंजूर करून घ्यावे, पण ते शोरूममध्ये पहिल्याच भेटीत जाहीर करू नये. रोख खरेदीदाराला जास्त सूट मिळते, ही समजूत आता बऱ्याच ठिकाणी उलटी ठरते. कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्था विक्रेत्याला मोबदला देते आणि तो मिळण्याची आशा असेपर्यंत विक्रेता किमतीत थोडा अधिक खाली येऊ शकतो. किंमत लेखी ठरली, की मग दोन्ही कर्जे शेजारी ठेवावीत. शोरूमचे कर्ज खरोखर स्वस्त निघाले, तर तेच घ्यावे. मुदतपूर्व परतफेडीवर दंड आहे का, एवढे मात्र त्यात वाचून घ्यावे.

प्रश्न : मी एकटी राहणारी, नोकरी करणारी स्त्री आहे. माझ्या सहकाऱ्याला ज्या गाडीचा एक भाव सांगितला, त्याच गाडीचा मला वाढीव सांगितला, असा माझा संशय आहे. हा माझ्या मनाचा खेळ आहे, की असे खरोखर होते? सोबत एखादा पुरुष नेणे, हाच यावर उपाय आहे का?

उत्तर : हा मनाचा खेळ नाही. अमेरिकेत इयान आयर्स या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागो परिसरातील विक्रेत्यांकडे प्रशिक्षित ग्राहक पाठवून हे तपासले होते. सर्वांनी एकाच पद्धतीने, ठरवून दिलेल्याच शब्दांत घासाघीस करायची होती. १९९१ मध्ये आणि पुढे पीटर सिगलमन यांच्यासह १९९५ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितला गेला. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय ग्राहक यांना जास्त. वागणे सारखे असूनही भाव वेगळा होता, ही यातली अस्वस्थ करणारी गोष्ट आहे आणि आपला राग अगदी योग्य आहे.

परंतु नंतरचे एक संशोधन मला आपल्यासाठी अधिक उपयोगाचे वाटते. मेघन बुसे, अयेलेट इस्रायली आणि फ्लोरियन झेटेलमायर यांनी मोटार दुरुस्तीच्या दुकानांना फोन करवून भाव विचारले. फोन करणारी व्यक्ती भावाबाबत अनभिज्ञ आहे असे दिसले, तेव्हा स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त भाव सांगितला गेला. मात्र आपल्याला किती भाव अपेक्षित आहे, हे स्त्रीने स्वतःच सांगितले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. आणि स्पष्टपणे सूट मागितल्यावर ती मिळण्याचे प्रमाण स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांहून जास्त आढळले. हा अभ्यास दुरुस्तीचा आहे, गाडीच्या विक्रीचा नाही, तरीही त्यातून दिसणारा मार्ग आपल्याला घेता येण्याजोगा आहे.

सोबत कोणी असल्यास जरूर न्यावे, पण बोलणे आपणच करावे. त्याहून उत्तम म्हणजे किमतीची बोलणी ई-मेलवर करावीत. "मला या व्हेरियंटसाठी दुसरीकडून इतक्या किमतीचे लेखी कोटेशन मिळाले आहे; आपण याहून कमी देऊ शकत असाल, तर मी या आठवड्यात बुकिंग करेन," एवढी दोन वाक्ये पुरेशी आहेत. कोटेशन मात्र खरे असावे. बनावट आकडा सांगितला आणि तो पडताळला गेला, तर आपल्या पुढच्या कोणत्याही शब्दाला वजन राहत नाही.

प्रश्न : घासाघीस करणे मला कमीपणाचे वाटते. तरीही करायचीच, तर आकडा आधी कोणी सांगावा? आणि किती टक्के सूट मागणे योग्य?

उत्तर : समोरच्यानेच आधी बोलावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याजवळ माहिती नसेल तर तो ठीक आहे, पण तीन कोटेशने हातात असलेल्या माणसाने आधी बोलणेच हिताचे, असे माझे मत आहे. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रयोग इथे आठवतो. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवले, जे मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असे केलेले होते. नंतर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, याचा अंदाज विचारला. १० पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्रावरच्या आकड्याचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, तरी पहिला आकडा मनाला धरून बसला. शोरूममध्ये हा पहिला आकडा बहुधा छापील किंमतपत्रकाचा असतो. त्याऐवजी आपण मिळवलेल्या सर्वांत कमी कोटेशनपेक्षा थोडा खालचा, कारणासह सांगता येईल असा आकडा आधी ठेवावा, आणि तो सांगून झाल्यावर थांबावे. शांतता अवघड वाटली, की लोक स्वतःच आपला आकडा वाढवतात.

टक्केवारीचा सरधोपट नियम मी देणार नाही, कारण सूट ही त्या विशिष्ट गाडीवर अवलंबून असते. ज्या मॉडेलसाठी महिनोन्महिने प्रतीक्षायादी आहे, त्यावर विक्रेता सूट कशाला देईल? उलट, विक्रेत्याने बहुधा कर्ज काढून आणलेली आणि आवारात उभी असलेली गाडी दररोज व्याज खात असते. अशी गाडी ओळखायची असेल, तर टायरच्या बाजूवरचा कोड पाहावा. त्याचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असेल, तर २०२४ चा तेविसावा आठवडा. गाडी त्यानंतरची असते, त्यामुळे हा पुरावा अंदाजापुरताच. गाडीच्या उत्पादनाचा महिना कागदोपत्री मागून घ्यावा. गेल्या वर्षी बनलेली गाडी आज घेतली, तरी विकताना ती गेल्या वर्षीचीच धरली जाते, आणि तेवढी भरपाई आजच्या किमतीत मागणे हा आपला हक्क आहे. महिन्याच्या किंवा तिमाहीच्या अखेरीस विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी दोन-चार गाड्या कमी पडत असतील, तर विक्रेता अधिक मोकळा होतो, हेही खरे आहे.

कमीपणाबद्दल एवढेच म्हणेन, की विक्री प्रतिनिधी दिवसभर हेच काम करतो आणि सभ्य शब्दांत कमी किंमत विचारणाऱ्याचा त्याला राग येत नाही. आवाज चढवण्याची किंवा गाडीला नावे ठेवण्याची काहीच गरज नसते.

प्रश्न : जुनी गाडी थेट मालकाकडून घेताना भाव कसा पाडावा?

उत्तर : इथे अडचण किमतीची कमी आणि माहितीची जास्त असते. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात; जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्याच उदाहरणाने हे मांडले आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणून पहिला खर्च आपल्या विश्वासाच्या मेकॅनिकच्या तपासणीवर करावा. गाडी थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावी. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहावेत. त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल, तर तो भाग कधीतरी काढलेला आहे, आणि का, हे विचारावे. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर मीटरशी जुळतात का, ते पाहावे. मग दोषांची यादी आणि प्रत्येक दुरुस्तीचा अंदाजित खर्च मालकासमोर ठेवून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगावी. "जरा कमी करा" यापेक्षा "क्लच आणि दोन टायर बदलण्याचा हा खर्च आहे" हे म्हणणे मालकाला नाकारणे कठीण जाते. आधीचे कर्ज फिटल्याचा कागद पाहिल्याशिवाय मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी पैसे देऊ नयेत.

प्रश्न : सर्व ठरल्यावर, डिलिव्हरीच्या दिवशी, पेंट कोटिंग आणि एक्सटेंडेड वॉरंटीची रक्कम बिलात वाढलेली दिसली. घरचे सगळे पूजेचे साहित्य घेऊन उभे होते, म्हणून आम्ही गुपचूप भरली. हे टाळता आले असते का?

उत्तर : होय. अंतिम बिल डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी मागवून ते लेखी कोटेशनशी ओळ न ओळ ताडून पाहावे आणि उरलेली रक्कम त्यानंतरच भरावी. घरच्यांना बोलावण्याची वेळ त्यानंतरची ठेवावी. आपल्या बाबतीत वॉरंटी सुरू होऊन फार दिवस झाले नसतील, तर ती रद्द करण्याची तरतूद करारात आहे का, ते आजच वाचावे आणि असल्यास तसा अर्ज लेखी द्यावा. कोटिंग खरोखर केले गेले आहे का, याची जॉब-कार्डसह (म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदासह) माहितीही त्याच पत्रात मागावी.