लहान शहरातली जुनी बाजारपेठ ओस पडू नये म्हणून नगरपालिकेनं काय करावं: रस्ता रुंदी, पार्किंग की बाजारच गावाबाहेर हलवणं?

तिन्हीपैकी एकही नको, एवढं लिहून मोकळा झालो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावातले व्यापारी म्हणतात, "दुकानासमोर गाडी लागत नाही म्हणून गिऱ्हाईक तुटलं", आणि नगरपालिका त्यासाठी रस्ता रुंद करायच्या बेतात आहे. हे वाक्य मी अठरा वर्षं घरात ऐकतोय, तेही सख्ख्या थोरल्या भावाकडून. त्यामुळं उत्तर जरा लांबणार.

आमचं भांड्यांचं दुकान लातूरला, गोलाईच्या अंगाला. आजोबांनी टाकलेलं. गोलाई न पाहिलेल्यांसाठी सांगतो: निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेला हा बाजार. १९१७ सालची गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि सगळीकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला कापड, कुठं चपला, कुठं मिरची नि गूळ. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा झाला तो १९८२ ला. म्हणजे ज्या कामासाठी आज सल्लागार नेमतात ते आमच्याकडं शंभर वर्षांपूर्वीच झालंय, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं बैलगाडी होती.

ह्या सोळा रस्त्यांचा उपयोग काय ते बस्त्याच्या, म्हणजे लग्नाच्या खरेदीच्या, दिवशी कळतं. निलंगा, औसा, रेणापूरकडची पार्टी सकाळी जीप भरून येते. नवरी, तिची आई, मावश्या, हिशेब ठेवणारा एक चुलता आणि उगाच आलेली चार पोरं. आधी कापड लाईन. तिथंच दुपार होते. गठ्ठे बांधून होईस्तोवर बायका बांगड्या भरून येतात, चुलता सराफाकडं मंगळसूत्राचं बघून येतो, आणि मग सगळे आमच्याकडं. घागर, कळशी, परात, ताटं, तांबे, वर आहेराची भांडी. जुनं तांबं-पितळ मोडीत घालतात. त्याचा काटा होतो, वजनात घट धरली जाते, आणि घटीवरून चुलत्याचं नि आमचं रीतसर भांडण होतं. शेवटी आमच्या ओट्यावर बसलेल्या चाचांकडून प्रत्येक भांड्यावर नाव घालून घ्यायचं, 'अमुक हिस मामाकडून सप्रेम'. एवढा सगळा दिवस जातो आणि पार्टी अर्धा किलोमीटरसुद्धा चाललेली नसते. जीप कुठं उभी असते ते कुणाला माहीत नसतं. ड्रायव्हर लांब कुठंतरी सावलीला झोपलेला असतो, संध्याकाळी फोन केला की येतो.

आता दादाची गोष्ट. आम्हा भावांच्या वाटणीच्या आदल्या वर्षी, दिवाळीचे आठ दिवस आमच्या लाईनीत गाड्या बंद ठेवायच्या का म्हणून आम्ही व्यापारी बसलो होतो. दादा उठला आणि म्हणाला, "गाडी दाराशी येऊ दिली नाही तर गिऱ्हाईक औसा रोडला जाईल, मग बसा देवीपुढं टाळ कुटत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, आत्ता दाराशी कुणाच्या गाड्या आहेत? माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. धाकट्याचं कोण ऐकतं.

मग मी मोजायलाच बसलो. खतावणीच्या मागच्या पानांवर, आठ दिवस, आमचं धरून दहा दुकानांसमोरच्या दुचाकी. नंबर लिहायचा, आली कधी, गेली कधी. दहा दुकानांपुढं तीस-बत्तीस गाड्या मावायच्या. सकाळी साडेदहालाच पंचवीसएक लागलेल्या असायच्या आणि त्या रात्री शटर पडेपर्यंत हलायच्या नाहीत. सगळ्या दुकानदारांच्या नि कामावरच्या पोरांच्या. त्यात तीन आमच्याच घरच्या: माझी एक, दादाची एक, अण्णांची, म्हणजे वडिलांची, लूना. गिऱ्हाइकाला उरायच्या सहा-सात जागा. त्या प्रत्येक जागेवर दिवसाला दहा-बारा गाड्या येऊन जायच्या, आणि आमच्या जागेवर एकच, आमची.

रात्री जेवताना ताटाशेजारी वही ठेवली. दादानं चार पानं उलटली. "गिऱ्हाईक मोजायचं सोडून गाड्या मोजायलास होय? म्हणूनच उधारी वाढायलीय." वहिनी हसल्या. अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लूना मागच्या बोळात लावली आणि गुडघे धरत धरत दुकानापर्यंत चालत आले. पुढची पाच वर्षं, शेवटपर्यंत, ती तिथंच लागायची. दादाची गाडी पायरीलाच. दिवाळीत रस्ता बंद झाला नाही हे सांगायला नको.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो.

रस्ता रुंदी जुन्या बाजारात कधीही करू नका. रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंची दुकानं कापणं. दहा फूट खोल गाळ्यातले चार फूट गेले की मागं कपाट उरतं, आणि पुढं मोकळ्या झालेल्या चार फुटांत आठवड्याभरात दुकानदाराचीच दुसरी गाडी लागते.

बाजार बाहेर हलवायचा असेल तर आधी तुमच्या गावातलं नगरपालिकेचं व्यापारी संकुल बघून या. एक तरी असणारच. १९७९-८० पासून केंद्राची लहान आणि मध्यम शहरांसाठी योजना होती, तिच्या पैशातून गावोगाव अशी संकुलं उठली. खालचे गाळे चालतात. जिन्यानं वर चढा: कोपऱ्यात पिचकाऱ्या, गंजलेली शटरं, एखादं झेरॉक्स, एखाद्या विमा एजंटाची पाटी. बाजार म्हणजे गाळे, असं समजून बांधलं की असं होतं. कापडवाल्याशेजारी बांगडीवाला आणि त्याच्याशेजारी सराफ, ही मांडणी लिलावात कुणी मांडत नाही.

पार्किंगला माझा विरोध नाही, जागेला आहे. विकास आराखड्यात वाहनतळाचं आरक्षण बहुतेक असतंच, कागदावर. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि पुढच्या मुदतीतही संपादन झालं नाही की आरक्षण उठतं. तुमच्या बाजाराजवळ अशी जागा शिल्लक असेल तर आधी ती वाचवा. मग तिथं व्यापाऱ्यांच्या गाड्या मासिक पासावर पाठवा. गिऱ्हाइकाच्या गाडीला दुकानापुढची जागा आपोआप मोकळी होते.

हातगाडीवाले, फुलवाल्या, लिंबूवाल्या यांना हाकलू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि शहराच्या समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या. आमच्या चाचांना एका मोहिमेत हातगाड्यांबरोबरच उठवलं होतं. दीड महिना घरी बसले. तेवढ्या दिवसांत किती जणांनी भांडी काढून ठेवली आणि "नाव कुठं घालायचं मग? पुढच्या बाजारी येतो" म्हणून निघून गेले, ते मला विचारा. ती माणसं पुढच्या बाजारी आली नाहीत.

वरचे मजले हा खरा रोग आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. जुन्या इमारतीत भाडेकरू जुने, भाडं आजोबांच्या काळचं. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वर्षाला चार टक्के वाढ देतो, पण मूळ भाडंच शंभराच्या आत असेल तर त्या चार टक्क्यांत चुन्याची पुडीसुद्धा येत नाही. मालक दुरुस्त करत नाही, भाडेकरू सोडत नाही, पावसाळ्यात दोघं मिळून छताकडं बघतात. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे इथल्या शिकवण्यांच्या, नावावर बाहेरगावची हजारो पोरं इथं खोल्या शोधत हिंडतात, आणि भर बाजारातले वरचे मजले कबुतरांना दिलेत. नगरपालिकेनं मालक-भाडेकरूंना समोरासमोर बसवून, दुरुस्तीला घरपट्टीत सूट देऊन एवढं जरी मार्गी लावलं तरी संध्याकाळी सातनंतर बाजारात माणूस दिसेल.

पैसा कुठून आणायचा हेही तुम्ही विचारलंय. दुकानदारांच्या गाड्या हलवायला पैसा लागत नाही, वाईटपणा घ्यावा लागतो, आणि नगरसेवक तो घेत नाही कारण निवडणुकीचा फंड त्याच ओट्यांवरून गोळा होतो. माझं तर मत आहे की १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली तेव्हापासून त्यांचा बाजारातला जीव उडाला. ट्रकमागं पैसे यायचे तोवर बाजार चालणं त्यांच्या फायद्याचं होतं. आता त्या बदल्यात वरून अनुदान येतं, बाजार चालो नाहीतर बसो. बाकी निधीच्या योजनांचं तुमच्या लेखापालाला विचारा, तो माझा प्रांत नाही.

माझी मोजणी भांड्यांच्या लाईनीतली, तीही दिवाळीतली. फर्निचर, सिमेंट, टाइल्सवाल्याला गाडी दारातच लागते, त्याला माझं ऐकून बोळात पाठवू नका. मालाचा टेम्पोही सकाळी दहापर्यंत आत आलाच पाहिजे. आणि सगळा दोष पार्किंगवर किंवा नगरपालिकेवर टाकून भागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्याकडं परातीला हात कुणी लावत नव्हतं, टिपाडं आणि घागरी खपत होत्या. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये, बाजारात ते त्याच्या खालीच गेलं, आणि त्या हंगामात बस्त्यातलं प्रत्येक भांडं एकेक नंबर लहान झालं. मार्केट यार्डात पट्टी बरी निघाली की शेतकरी तिथून सरळ गोलाईत येतो. नाही निघाली तर सोळाच्या सोळा रस्ते झाडून ठेवले तरी तो येत नाही.

दादाचं दुकानही चालतं, हे सांगायला हवं. वाटणीनंतर त्यानं बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काचेचं शोरूम टाकलं, समोर वीस चारचाकी लागतात. नॉनस्टिक, मिक्सर, डिनर सेट, हप्त्यावर. कॉलनीतली माणसं जातात, जायलाच पाहिजेत, मीही माझा मिक्सर तिथूनच आणला. बस्ता मात्र त्याच्याकडं एकही जात नाही. नवरीच्या आईला तिथं भांडी घेतली तरी बांगड्यांना नि साड्यांना परत गोलाईतच यावं लागतं, मग ती आधीच इकडं येते.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर दादाचा फोन आला, "चाचांना दोन महिने इकडं पाठव, लोक नाव घालून मागायलेत." मी म्हटलं, ते माझे नोकर नाहीत, त्यांनाच विचार. चाचा एका दुकानाचे नाहीतच. आमच्या आजूबाजूला भांड्यांची पाच दुकानं आहेत, पाचांचं मिळून त्यांचं पोट चालतं. दादानं रोजाचा आकडा बरा सांगितला म्हणून गेले, आणि पाचव्या दिवशी परत येऊन ओट्यावर बसले. "उधर दिन के चार डब्बे आते भैया. बैठ के कमर दुखती."

नाव घालायचं मशीन तिथंच राहिलं होतं. ते द्यायला संध्याकाळी दादा स्वतः आला. गोलाईला गाडीतून तीन फेऱ्या मारल्या, जागा मिळेना. शेवटी आमच्या दुकानापुढं उतरला, चाचांचं स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि गाडी तिथं लावली.