स्वस्त थिन क्लायंट पीसीला टक्कर देऊ शकतात का?

देऊ शकतात. थिन क्लायंट म्हणजे टेबलावरचा छोटा डबा: प्रोग्रॅम चालतात सर्व्हर नावाच्या मोठ्या मशिनवर, डबा फक्त चित्र दाखवतो आणि तुमचं टायपिंग तिकडे पाठवतो. पण तुम्ही ज्या डब्याची किंमत विचारताय, त्या डब्यावर काहीच ठरत नाही. सगळं ठरतं मागच्या सर्व्हरवर.

मी सिस्टिम अ‍ॅडमिन असताना ऑफिसातले 40 पीसी काढून थिन क्लायंट बसवले. कल्पना माझीच. सर्व्हर दोन मागितले होते, मिळाला एक, 64 जीबी रॅमचा. खरेदी बघणाऱ्या साहेबांचं म्हणणं, "स्वस्त पडतं म्हणून घेतोय ना, मग सर्व्हरवर एवढा खर्च कशाला?" पहिले दोन महिने झकास गेले. मग एका सोमवारी सगळ्यांना एकाच वेळी ट्रेनिंगचा व्हिडिओ बघायला सांगितलं. आमच्या सेटअपमध्ये व्हिडिओ डब्यावर नाही, सर्व्हरवर चालायचा आणि बदललेलं चित्र नेटवर्कवरून डब्याकडे जायचं. 40 व्हिडिओ, एक सर्व्हर. अकाउंट्समधल्या बाई अख्खी ओळ टाइप करून हात मांडीवर ठेवून बसायच्या. मग ती ओळ एकदम स्क्रीनवर सांडायची, आणि त्यात नेमका एक आकडा चुकलेला. दुपारपर्यंत माझ्या टेबलापाशी रांग लागली. "तुझे डबे" हे तेव्हा सुरू झालं ते मी नोकरी सोडेपर्यंत.

डब्यांचा दोष शून्य होता. रॅम 98 टक्के भरलेली, रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ढकलाढकलीने (स्वॅपिंगने) डिस्क धापा टाकतेय, हे मी साहेबांना टास्क मॅनेजर उघडून दाखवलं. त्यांनी तिकडे न बघता विचारलं, "जुने पीसी कुठे ठेवलेत?"

नुसत्या डब्याच्या किमतीवर हा सामना आधीच हरून झालाय. 1996 च्या सुमारास ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅरी एलिसनने 500 डॉलरच्या नेटवर्क कॉम्प्युटरची, म्हणजे थिन क्लायंटच्याच जातीच्या डब्याची, दवंडी पिटली होती. थोड्याच वर्षांत पीसीच त्या भावात मिळायला लागले, संपला विषय. शिवाय विंडोज सर्व्हर वापरणार असाल तर रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे डब्यावरून सर्व्हरवर काम करायचं, लायसन्स माणशी किंवा मशिनमागे वेगळं लागतं. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं तेच धरलेलं नसतं.

थिन क्लायंट जिंकतो देखभालीत. एकाचा डबा जळला तेव्हा मी कपाटातला दुसरा आणून जोडला. त्याने लॉगिन केलं तर अर्धवट लिहिलेलं पत्र जसंच्या तसं उघडं, कर्सरही तिथेच. पीसीवर हे करून दाखवा! प्रोग्रॅमचं अपडेटही एकदाच, सर्व्हरवर. काउंटर, डेटा एंट्री, कॉल सेंटर, जिथे माणूस दिवसभर दोन-तीन प्रोग्रॅममध्येच असतो, तिथे मी आजही बेधडक हेच बसवीन. फक्त आधी सर्व्हरचे पैसे मंजूर करून घ्या, लेखी. डबे नंतर.

कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल, नेटवर्क रडतखडत चालत असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका. आणि हो, सर्व्हर बसला की सगळे बसतात, हे साहेब म्हणायचे ते खरंच आहे. म्हणून तर दोन मागितले होते.