"मॅडम, अजून किती जणांना सांगू?"

घरात मार खाऊन माझ्याकडे मदत मागायला आलेल्या बायकांचा हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या समोरच्या खुर्चीतून येतो. मार खाण्याइतकाच तो मार पुन्हा पुन्हा सांगण्याचाही बायकांना शीण येतो. दवाखान्यात सांगा, ठाण्यात सांगा, वकिलांना सांगा. आणि उत्तर एकच: "हे आमच्याकडे नाही, तिकडे जा."

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे दुसऱ्यांदा आल्या. (तपशील बदलले आहेत.) पिशवीतून तीन कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवले. दवाखान्याच्या केसपेपरवर "बाथरूममध्ये घसरून पडल्या". ठाण्यातल्या एनसीवर, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीवर, "घरगुती वाद, नवऱ्यास समज दिली". तिसऱ्या चिठ्ठीवर "पोलीस ठाण्यात जावे". हे तिसरं अक्षर माझंच होतं.

"ठाण्यातले साहेब म्हणाले, चिठ्ठी देणाऱ्या मॅडमना नेमकं काय हवंय?"

मला उत्तर सुचलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या तालुक्यात नर्स, हवालदार, संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बायकांना मदत करणारे सरकारी अधिकारी) आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवेचे वकील यांचं एकत्र प्रशिक्षण होतं. भाषण बाजूला ठेवून मी ते तीन कागद सगळ्यांपुढे मांडले. बाईंची परवानगी घेतली होती, नावं झाकली होती. पहिला अर्धा तास एकमेकांवर ढकलण्यात गेला, ते अपेक्षितच होतं. मग एक नर्स हळूच म्हणाल्या, "दंडावर बोटांचे वळ मी पाहिले होते. पडून बोटं उमटत नाहीत. पण विचारणार कसं? नवरा शेजारीच उभा होता."

हवालदार म्हणाले, "ठाण्यातही तोच बोलत होता. या बाई खाली मान घालून." संरक्षण अधिकाऱ्यांनाही आठवलं, घरी गेल्यावर चहा त्यानेच पुढे केला होता.

"म्हणजे सगळीकडे हजर होता तो एकटाच," हवालदार म्हणाले.

वीस वर्षं मी प्रशिक्षणात "संवेदनशील व्हा" सांगत आले. त्या दुपारी कळलं, संवेदना होती. पण नर्सनी पाहिलेले वळ हवालदारांपर्यंत पोचायला वाट नव्हती. घरातली हिंसा म्हणजे भांडण नव्हे, ताबा ठेवणं आहे, हे माझं जुनं मत. पण तो ताबा दवाखान्यात नि ठाण्यातही चालतो, आणि आमच्या तुटक कागदांवर पोसला जातो, हे मला त्या हवालदारांनी शिकवलं.

खात्यांना जोडणारी ही वाट काही माझा शोध नाही. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ सालीच सुरू केला. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्रही याच विचारातून उभं राहिलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर पोलिसांचं प्रशिक्षण आणि खात्यांमधला समन्वय ही सरकारची जबाबदारीच आहे. तरी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून 'समेट' घडवण्याचा सोस आमच्याकडे सुटत नाही.

म्हणून हेलपाटे घालणाऱ्या बायकांना मी आता सांगते: तपासताना "मला एकटीला बोलायचंय" म्हणा. जखम कशी झाली ते केसपेपरवर लिहून घ्या. तक्रार केली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घडलेल्या हिंसेची अधिकृत नोंद, भरून मागा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्जही करता येतो, त्यासाठी एफआयआर लागत नाही. वकील विधी सेवेतून मोफत मिळतो, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तुमचा आहे.

आमच्यासाठी नियम एकच ठेवला. चिठ्ठी लिहायची नाही, फोन करायचा. बाईंची संमती घेऊन त्यांच्याच शब्दांतलं एक पान त्यांच्या आधी पुढे पोचतं.

त्या बाईंना पुढे न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळाला. नवऱ्याने तो एकदा मोडलाही. त्या रात्री त्यांनी पोलिसांचा ११२ नंबर लावला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"काय विचारलं त्यांनी?"

"फक्त, आज काय झालं. मागचं त्यांना ठाऊक होतं."