ग्रिन्यार अभिक्रिया सुरूच होत नाही, काय करू?

नागपुरात ऑगस्टमध्ये अर्धा तास झाला तरी फ्लास्क थंडच, म्हणताय. ग्रिन्यार म्हणजे ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि हॅलाइड (ब्रोमीन किंवा क्लोरीन असलेलं सेंद्रिय संयुग) यांची अभिक्रिया. ती अडली की पहिला संशय ओलाव्यावर. काचसामान रात्रभर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, गरम असतानाच जोडा, वर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब, म्हणजे हवेतला ओलावा अडवणारी नळी. ईथरही कोरडंच हवं.

दुसरा अडसर मॅग्नेशियमवरचा ऑक्साइडचा थर. थोडे तुकडे कोरड्या खलात चुरडा, आयोडीनचा एक कण टाका आणि ढवळणं बंद ठेवा, म्हणजे तो एका जागी भिडतो. रंग उडाला, द्रव गढूळ झाला की आशा धरा. नाहीच तर १,२-डायब्रोमोइथेनचे दोन-चार थेंब. तरीही ढिम्म असेल तर फ्लास्क कोमट पाण्यात धरा. बर्नर चुकूनही नको. ईथर ३४.६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे नुसत्या बुडबुड्यांवर भुलू नका. कोमट पाणी काढल्यावरही उकळत राहिलं, तरच खरी सुरुवात. (मे महिन्यात तर आपल्याकडे ईथर बिचारं खोलीतच उकळायला बघतं! कंडेन्सरला बर्फाचं पाणी द्या.)

आणि सुरू होत नाही म्हणून सगळं हॅलाइड ओतू नका हो. दहावा भाग घालून थांबा. आमच्या बॅचमध्ये एकानं ओतलं होतं. दहा मिनिटं शांतता, मग कंडेन्सरमधून कारंजं. बर्फाचं भांडं आधीच शेजारी ठेवा.